जाड कानाचा ससा

दिनांक २१ नोव्हेंबर १९८१, शनिवार. रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी सुटणारी शेवटची बस एकोणीस माणसांची चुकली. चुकण्याचे कारण सगळ्यांचे एकच होते. परंतु त्याच कारणापायी पुढे त्यांच्यातल्या दोघांचे लग्न जमले, आणि बसशी ज्यांचा काही संबंधच नव्हता अशा एका गृहस्थांना जन्मठेप झाली. हे गृहस्थ म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान.

ते थिएटरात प्रोजेक्टर चालवीत. सगळा गाव त्यांना ऑपरेटर म्हणे, आणि बहीण रागावली की तीही त्यांना "अहो ऑपरेटर" अशीच हाक मारी. त्या हाकेनंतर घरात कुणी जोरात श्वास घेत नसे.

त्या थिएटराचा एक रिवाज होता, जो कोणत्याही पाटीवर लिहिलेला नव्हता. शनिवारच्या सहाच्या खेळाला एखादे नाचाचे रीळ फारच रंगले, तर प्रेक्षक 'वन्समोअर'चा गजर करीत, आणि ऑपरेटर ते रीळ उलटे गुंडाळून पुन्हा लावीत. गुंडाळायला सात-आठ मिनिटे लागत. तेवढ्या वेळात लोकांनी कंटाळू नये म्हणून ते उजव्या हाताने गुंडाळणीचा दांडा फिरवीत, आणि डावा हात दुसऱ्या प्रोजेक्टरच्या झोतात धरून पडद्यावर सावलीचे प्राणी काढीत. कधी बदक, कधी हरीण, आणि लोक फारच खुशीत असले तर मॅनेजरांचे नाक.

चित्रपट पुरवणाऱ्या कंपनीला हा प्रकार अजिबात चालणारा नव्हता. जादा फिरवले की रिळावर ओरखडे पडतात. करारात सक्त मनाई होती. कंपनीच्या कानावर गेले असते, तर ऑपरेटरची नोकरी त्याच दिवशी गेली असती. म्हणून प्रेक्षकांनी आपण होऊन एक नियम घालून घेतला होता : वन्समोअर थिएटराच्या दारात ठेवायचा आणि मग घरी जायचे. बाहेर कुणीही विचारले, तर खेळ वेळेवर सुटला. हा नियम त्यांनी इतक्या प्रेमाने पाळला, की ज्यांच्यासाठी पाळला ते आयुष्यातून उठायची वेळ आली.

त्या शनिवारी खेळ सव्वाआठला सुटायचा होता. साडेआठ वाजता, थिएटरापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांचा त्यांच्याच दुकानात डोक्यात घाव घालून खून झाला. वेळेबद्दल शंका नव्हती. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने रेडिओवर साडेआठच्या बातम्या सुरू होता होता खाली काहीतरी धपकन पडल्याचे ऐकले होते.

आणि आमच्या ऑपरेटरांचे ग्रह त्या आठवड्यात फिरलेलेच होते. त्यांचे मनगटी घड्याळ दुरुस्तीला याच दुकानात पडून होते. चार दिवसांपूर्वी ते भर रस्त्यात ओरडले होते, "तीनदा दुरुस्त केलंत! आता ते दिवसातून दोनदाच बरोबर वेळ दाखवतं, तेही बंद आहे म्हणून! बघून घेईन तुम्हाला!" रस्ता हसला होता. घड्याळवालेही हसले होते. पण खून झाल्यावर त्या वाक्यातला विनोद तेवढा गळाला आणि शेवटचे तीन शब्द उरले. शिवाय पोलीस दारात आले, तेव्हा ऑपरेटरांच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला भलीमोठी पट्टी होती.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी थिएटरात नेहमी येणाऱ्या सहा प्रेक्षकांना विचारले, "काल खेळ किती वाजता सुटला?" एवढेच विचारले, कशासाठी ते सांगितले नाही. सहाही जणांना वाटले, कंपनीने तक्रार केली. सहाही जणांनी छातीठोकपणे सांगितले, "सव्वाआठला. अगदी घड्याळ लावून घ्या." मॅनेजरांनीही थिएटर वाचवायला तेच सांगितले. पुढे प्रकरण खुनाचे आहे हे कळल्यावर सगळ्यांचीच पाचावर धारण बसली. पण लिहून दिलेला शब्द फिरवायचा, तर आधी खोटे बोललो हे कबूल करावे लागणार होते.

ऑपरेटरांनी न्यायालयात खरे ते सांगितले : सहावे रीळ दोनदा लावले, खेळ पावणेनऊच्या सुमारास सुटला, साडेआठला मी केबिनमध्ये होतो, प्रोजेक्टरच्या दिव्यात जळणारी कार्बनची कांडी दर दोन-तीन मिनिटांनी पुढे सरकवावी लागते, केबिन सोडली तर पडदा काळा होतो. बोट दुपारी कार्बन बदलताना भाजले, पट्टी बायकोने बांधली. सरकारी वकिलांनी विचारले, "प्रेक्षकांतल्या कुणाचं नाव सांगता येईल?"

"नावं कुठली? मला वरून फक्त डोकी दिसतात."

न्यायालय हसले, आणि त्या हसण्यातच खटला गेला. निकालपत्रात लिहिले की सहा त्रयस्थ साक्षीदार एकमुखाने विरुद्ध असताना आरोपीचे म्हणणे ही पश्चातबुद्धी होय. बोटाची जखम झटापटीत झालेली दिसते. आणि पत्नी पतीला वाचवणारच. ऑपरेटरांना सरकारतर्फे मिळालेले वकील त्या दिवशी आणखी दोन खटले लढत होते; तिन्ही हरले. वरच्या न्यायालयाने खालच्या न्यायालयाचे कागद वाचले, त्याच्या वरच्याने त्या दोघांचे. कागद वाढत गेले. थिएटरात जाऊन आले असे मात्र कुणीच नाही.

तुरुंगातही त्यांना प्रोजेक्टरच मिळाला. रविवारी कैद्यांना चित्रपट दाखवीत. मी भेटायला गेलो की विचारीत असे, "तिथे वन्समोअर मागतात का?"

"मागतात ना, दादा. मी देत नाही. एकदा दिला तर जन्मठेप झाली. दुसऱ्यांदा काय देतील कोण जाणे."

बहीण जाळीच्या अलीकडून म्हणे, "अहो ऑपरेटर, थट्टा पुरे. जेवता का नीट?" मी तेवढा वेळ जाळीचे चौकोन न्याहाळीत बसे.

१९९० साली मी तंत्रविद्यालयातून शिक्षक म्हणून निवृत्त झालो आणि शेवटच्या बसथांब्यापाशी असलेल्या वसाहतीत भाड्याने घर घेतले. तिथे भाडे आणि गोंगाट दोन्ही कमी होते. बहीण माझ्याकडेच राही. पहिल्याच महिन्यात तिची दाढ दुखू लागली म्हणून मी तिला तिथल्या दातांच्या दवाखान्यात नेले. बाकावर आमच्या शेजारी वसाहतीतल्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई बसल्या होत्या. त्या पलीकडच्या बाईंना मोठ्या उत्साहाने आपल्या लग्नाची गोष्ट सांगत होत्या.

"अहो, आमचं कुणी जमवलं नाही, एका नाचानं जमवलं! शनिवारचा खेळ, नाचाचं रीळ दोनदा लावलं, बाहेर येतोय तर बसचा लाल दिवा वळणावर! एकोणीस जण चालत निघालो. माझी चप्पल तुटली. ह्यांनी आपल्या पायातली काढून दिली आणि स्वतः अनवाणी चालले. दर वर्षी एकवीस नोव्हेंबरला आम्ही दोघं तोच रस्ता पुन्हा चालतो. ह्या वर्षी नववी खेप."

बहिणीने गालावरचा हात खाली घेतला. "कुठलं साल म्हणालात?"

"एक्याऐंशी. का हो?"

"त्या दिवशीचा ऑपरेटर माझा नवरा."

बाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज एकदम खाली आणला. "अगं बाई! मी बोलून बसले. कंपनीला कळणार नाही ना? त्यांची नोकरी जायची!"

"ते तुरुंगात आहेत, बाई," बहीण म्हणाली. "त्याच रात्रीच्या खुनासाठी. खेळ सव्वाआठला सुटला असं कोर्टानं धरलं."

चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "धरल्याचं तेवढं पेपरात वाचलं होतं. आम्ही सगळे म्हणालो, एवढे प्रेक्षक खरं सांगतील, चार दिवसांत सुटतील. कोर्टाला हे ठाऊक नाही असं मनातसुद्धा आलं नाही." आतून नाव पुकारले गेले. बहिणीने मागे वळूनही पाहिले नाही. तिची दाढ आपोआप थांबली होती, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट दुखली.

एकोणीस जणांपैकी तेरा सापडले. चष्मेवाल्या बाईंच्या यजमानांनी ते काम अंगावर घेतले. त्या रात्री कोण कुणाच्या पुढेमागे चालत होते हे त्यांना अजून पाठ होते, कारण वाटेत त्यांचे अनवाणी पाय सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झाले होते. गावातल्या त्या सहांपैकी मात्र एकच जण पुढे आले : टेलरमास्तर. आमच्या वकीलबाईंनी त्यांना स्पष्ट सांगितले, "मास्तर, तुम्ही शपथेवर खोटं बोललात असं कबूल करायला येताय. शिक्षा होऊ शकते."

"किती?"

"सांगता येत नाही."

"मग लग्नासाठी शिवलेला कोट घालून येतो," टेलरमास्तर म्हणाले. "गेलो तर नीट कपड्यात जाईन."

फेरसुनावणी मंजूर झाली, पण वकीलबाईंनी आम्हाला आधीच सावध केले होते : ही शेवटची पायरी. इथे नाही म्हटले की पुढे दारच नाही, उरलेला जन्म आत. सुनावणीच्या दिवशी न्यायालयात पहिल्या बाकावर मयत घड्याळवाल्यांचे भाऊ बसले होते. नऊ वर्षांत एकही तारीख त्यांनी चुकवली नव्हती. आमच्याकडे ते कधी पाहत नसत; पाहिले तर आम्हीच नजर वळवीत असू.

टेलरमास्तर पिंजऱ्यात उभे राहिले. सरकारी वकिलांनी सरळ विचारले, "तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता?"

"तेव्हा."

"का?"

"ऑपरेटरांची नोकरी वाचावी म्हणून."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "अहो, खुनाचा खटला चालू होता!"

"ते नंतर कळलं, बाईसाहेब. पोलिसांनी आधी फक्त वेळ विचारली. कळल्यावर घाबरलो. नऊ वर्षं कापड कापताना हेच डोक्यात. दोन गिऱ्हाइकांच्या बाह्या उलट्या लावल्या."

चष्मेवाल्या बाईंना सरकारी वकील म्हणाले, "नऊ वर्षांपूर्वीचं तुम्हाला इतकं स्पष्ट दिसतं?"

"माझं दुकानच त्याचं आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही मात्र एकदा नंबर तपासून घ्या. मघापासून कागद हातभर लांब धरताय."

हशा झाला, पण सरकारी वकील मुरलेले होते. ते न्यायाधीशबाईंना म्हणाले, "मास्तर सोडले तर ही सगळी मंडळी एका वसाहतीतली. वर्षभर एकत्र बसून वेळ, बस, चप्पल सगळं घोकून आलेली. माझी विनंती आहे, सगळ्यांना बाहेर बसवावं आणि एकेकट्याला एकच प्रश्न विचारावा. रीळ गुंडाळायला सात-आठ मिनिटं लागतात असं आरोपी म्हणतो. त्या सात-आठ मिनिटांत पडद्यावर काय होतं?"

आम्ही सर्वांची वेळापत्रके तपासली होती, बसच्या वेळा तपासल्या होत्या, घरात मी भिंतभर तक्ता काढून ठेवला होता. पण हा प्रश्न कुणीही, कधीही, कुणाला विचारला नव्हता. नऊ वर्षांपूर्वीची एक सावली कोण लक्षात ठेवतो? वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी काय सांगणार? मी त्या खेळाला नव्हतोच. आता एकाने हत्ती म्हटले आणि दुसऱ्याने कोंबडा, की सगळे संपले.

साक्षीदार बाहेर गेले. दार लागले. प्रथम ऑपरेटरांना विचारले.

"ससा," ते म्हणाले. "पण फसलेला. डाव्या हाताच्या दोन बोटांचे कान करतात. पहिल्या बोटाला पट्टी होती, त्यामुळे एक कान बारीक आणि एक मुळ्यासारखा जाड. लोक फार हसले. मला लागलं होतं, त्यांना मजा."

सरकारी वकील जागीच थांबले. त्यांच्या हातात जुन्या निकालपत्राची प्रत होती. न्यायाधीशबाईंनी तीच प्रत आपल्यासमोर उघडली आणि एका परिच्छेदावर बोट ठेवले. "बोटाची जखम झटापटीत झाली, असं इथे लिहिलंय. झटापट साडेआठला. हा ससा किती वाजताचा?"

"आठच्या सुमाराचा, बाईसाहेब. त्यानंतर सहावं रीळ पुन्हा, मग सातवं."

"साक्षीदार पाठवा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "एकेक."

पहिल्या आल्या चष्मेवाल्या बाई. "ससा होता. बिचाऱ्याचा एक कान सुजला होता." मग त्यांचे यजमान. "ससा. एक कान जाड. मी हिला म्हणालोसुद्धा, म्हणजे तेव्हा ओळख नव्हती, शेजारची मुलगी म्हणून म्हणालो, याला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं." टेलरमास्तर म्हणाले, "गाढव." सरकारी वकिलांनी मान वर केली. "गाढवच," मास्तर ठामपणे पुढे म्हणाले, "पण एका कानाला फडकं गुंडाळलेलं. शिंप्याच्या नजरेला कापड कळतं."

असे चौदा जण येऊन गेले. दहा जणांनी ससा सांगितला, तिघांनी गाढव. चौदावे गृहस्थ प्रामाणिकपणे म्हणाले, "मला काही दिसलं नाही. मी झोपलो होतो. लोक हसले म्हणून जाग आली, आणि शेजारच्याला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, कान बघ कान." प्राण्याविषयी मतभेद राहिले; जाड कानाविषयी एकाचाही नाही.

न्यायाधीशबाईंनी सर्वांना आत बोलावून बसवले. टेबलावरचा दिवा उचलून कोपऱ्यातल्या पांढऱ्या भिंतीकडे वळवायला सांगितले, आणि पडदे ओढायला लावले. "आरोपीनं करून दाखवावं. पट्टीसकट."

पट्टी कुठून आणायची यावर शिपाई व लिपिक यांच्यात चर्चा सुरू झाली. बहीण उठली. तिने आपला रुमाल दातांत धरून टरकन फाडला आणि पिंजऱ्यापाशी जाऊन नवऱ्याचे बोट धरले. नऊ वर्षांत मधे जाळी नसताना तिने त्यांचा हात प्रथमच धरला होता. गाठ मारायला तिला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. कुणीही घाई केली नाही.

"घट्ट झालं का?"

"असू दे."

ऑपरेटरांनी हात दिव्यासमोर धरला. भिंतीवर ससा उभा राहिला : एक कान बारीक, एक मुळ्यासारखा. सशाने जाड कान हलवायचा प्रयत्न केला, तो हलेना. मग त्याने न्यायाधीशबाईंच्या खुर्चीकडे पाहून नाक मुरडले.

आणि मागच्या बाकावरून, नऊ वर्षे दारात ठेवलेला तो शब्द बाहेर आला. "वन्समोअर!" पाठोपाठ चौदाच्या चौदा जण, झोपलेले गृहस्थ सर्वांत मोठ्याने.

न्यायाधीशबाईंनी हातोडा आपटला. "शांतता! हे न्यायालय आहे, थिएटर नाही." मग त्यांनी लिपिकाकडे पाहिले. "तुम्ही नोंद घेतलीत?"

"अर्धी, बाईसाहेब."

"मग पुन्हा एकदा दाखवा. नोंद पुरी झाली पाहिजे."

निकाल तीन आठवड्यांनी लागला : निर्दोष. निकालपत्रात न्यायाधीशबाईंनी लिहिले की सहा जणांना एकच अपुरा प्रश्न विचारून मिळालेल्या उत्तरावर तीन न्यायालये उभी राहिली, आणि आरोपीने पहिल्याच दिवशी सांगितलेले सत्य कुणी जाऊन पाहिले नाही. टेलरमास्तरांना कडक समज देऊन सोडले. ते थोडे हिरमुसलेच. कोटाला इस्त्री केलेली होती.

बाहेरच्या व्हरांड्यात साक्षीदार ऑपरेटरांभोवती गोळा झाले आणि आपापली ओळख करून देऊ लागले. ऑपरेटर गोंधळून सगळ्यांचे चेहरे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "असं नाही. जरा माना खाली घाला." चौदा जणांनी माना खाली घातल्या. "हां! हे टक्कल माझ्या ओळखीचं. आणि हा भोवरा तिसऱ्या रांगेतला. बाई, तुम्ही तेव्हा लाल रिबीन लावत होतात."

"ही आठवण तुम्ही नऊ वर्षांपूर्वी सांगायची ना हो," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या.

"विचारलं कुणी?"

हसणे ओसरल्यावर लक्षात आले, घड्याळवाल्यांचे भाऊ थोड्या अंतरावर उभे आहेत. ते पुढे आले. "नऊ वर्षं मी रोज तुम्हाला शिव्या घातल्या," ते ऑपरेटरांना म्हणाले. "आता कुणाला घालू?"

खरा खुनी ज्या दिवशी शोधायचा, त्याच दिवशी शोध थांबला होता. न्यायालयाने तपास पुन्हा करायला सांगितले होते, पण नऊ वर्षांनी तपासायला उरले काय होते? ऑपरेटरांच्या हातात न्यायालयाने परत केलेले त्यांचे मनगटी घड्याळ होते. ते बंदच होते. भावाने हात पुढे केला.

"द्या इकडे. दुकान आता मीच चालवतो. एवढं तरी दुरुस्त करू द्या."

ऑपरेटरांनी घड्याळ दिले. "घाई नाही," ते म्हणाले. "आणि माझं ते रस्त्यातलं बोलणं... तुमचे भाऊही हसले होते हो त्याला."

"माहीत आहे. घरी येऊन आम्हाला सांगितलं होतं त्यानं." एवढे बोलून ते घड्याळ खिशात घालून गेले. पंधरा दिवसांनी घड्याळ घरपोच आले, आणि अजून बरोबर चालते.

ऑपरेटर आता आमच्या वसाहतीत राहतात. थिएटराच्या नव्या मालकांनी तोच चित्रपट मागवून एका शनिवारी सहाचा खेळ त्यांच्या हाती दिला, आणि या वेळी कंपनीकडून दोनदा लावायची परवानगी रीतसर लेखी आणली. मी तो कागद दोनदा वाचून पाहिला. बहीण पहिल्या रांगेत बसली होती. सहावे रीळ संपले, गजर झाला, आणि पडद्यावर ससा आला. दोन्ही कान बारीक, सरळ. लोकांनी निषेध केला. "जाड कान! जाड कान!" बहिणीने उठून, मागे वळून, केबिनच्या खिडकीकडे आपला रुमाल उंच धरून हलवला. "अहो ऑपरेटर, पाठवू का?"

खेळ सुटून आम्ही बाहेर आलो, तेव्हा बसचा लाल दिवा वळणावर दिसत होता. कुणीही धावले नाही. साक्षीला आलेले वसाहतीतले तेरा, बहीण, मी, आणि केबिनला कुलूप लावून मागून आलेले ऑपरेटर.

शेवटची बस चुकलेली माणसे : सोळा.